जबानीतला 'मी'

लॉ शिकणाऱ्या पोरांना इंग्रजी येतं हा एक मोठा गैरसमज आहे. त्यांना हायकोर्टाचे निकाल तोंडपाठ असतात, लॅटिनची चार वचनं येतात, पण "माझ्या अशिलाची म्हैस शेजाऱ्यानं कोंडवाड्यात घातली" एवढं एक वाक्य साहेबापुढं उभं राहून सांगायचं म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मी सत्तावीस वर्षं सेशन कोर्टात भाषांतरकार होतो. असले नवे वकील मी ढिगानं पाहिलेत. कोट कोरा करकरीत आणि आत माणूस लटलटा कापतोय.

म्हणून पेन्शनीत आल्यावर मी मे महिन्याच्या सुट्टीत वर्ग घ्यायला लागलो. पुण्याला एलएल.बी. करणारी सोलापूरची पोरं सुट्टीला घरी आली की त्यांचे बाप त्यांना माझ्याकडे आणून सोडत. "मास्तर, याला कोर्टात चालेल असं इंग्रजी शिकवा, कॉलेजातलं नको," असं म्हणत. सकाळी सात ते नऊ, शुक्रवार पेठेत माझ्या घरच्या ओसरीवर. नऊनंतर सोलापूरच्या उन्हात कायदा कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

मी सांगतोय ते वर्ष तेहेतीस सालचं. मार्शल लॉ उठून तीन वर्षं झाली होती आणि गावात पुन्हा लोक मोठ्यानं बोलायला लागले होते. त्या वर्षी पाच पोरं होती. अर्ज कसा लिहायचा, कैफियत कशी मांडायची, ॲफिडेव्हिटात काय घालायचं आणि काय घालायचं नाही, जबानीचं इंग्रजी कसं करायचं, हे मी शिकवायचो. माझं एक पालुपद ठरलेलं होतं. "कर्ता दाखवा!" आपल्या कारकुनी मराठीत मारहाण 'होते', कागद गहाळ 'होतो', कुंपण 'सरकतं'. कुणी काही करतच नाही. इंग्रज साहेब विचारतो, कुणी केलं? तिथं 'झालं' म्हणून भागत नाही. पोरांच्या वह्यांत मी तांबड्या शाईनं पानोपानी एवढंच लिहायचो, कर्ता कुठे आहे?

पाचांपैकी चार पोरं वकिलांची नाहीतर मामलेदारांची. पाचवा मल्लप्पा, वळसंगच्या एका लिंगायत शेतकऱ्याचा मुलगा. घरात कानडी, मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी त्यानंतर. बोलायच्या आधी तो जरा थांबायचा, शब्द तपासून घ्यायचा आणि मग बोलायचा. वकील रानड्यांचा गोपाळ त्याला हसायचा. खरं सांगायचं तर मीही हसायचो. "वकीलसाहेब, तुमचं वाक्य निघेपर्यंत आरोपी शिक्षा भोगून घरी येईल," असं मी त्याला एकदा सगळ्यांदेखत म्हणालो. तोही हसला. मोठं गुणी पोर होतं.

माझी शिकवायची एक पद्धत होती आणि तिचा मला गर्व होता. नोकरीत असताना मी माझ्या चांगल्या भाषांतरांच्या नकला स्वतःसाठी करून ठेवल्या होत्या, मूळ मोडी कागदाची नक्कल आणि तिच्यामागे माझं इंग्रजी. पोरांना मोडी कागद द्यायचा, त्यांनी इंग्रजी करून आणायचं आणि मग मी माझं वाचून दाखवायचं. पोरांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. माझ्या इंग्रजीवर गोरे जज्ज खूश असत. बावीस सालच्या एका खुनाच्या खटल्यात तर जज्जसाहेबानं माझ्या भाषांतरातली दोन वाक्यं निकालपत्रात जशीच्या तशी उचलली होती. त्या दिवशी मी घरी येऊन ती वाक्यं म्हाळसाबाईंना, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी शिरा केला होता.

तीच जबानी मी त्या वर्षी पोरांना दिली.

खटला असा होता. मोहोळजवळच्या एका वस्तीवर रावजी नावाचा शेतकरी गोठ्यात मरून पडलेला सापडला. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. घरात त्याची बायको सारजाबाई, चार वर्षांची मुलगी आणि धाकटा भाऊ हिंदुराव. हिंदुरावनं पोलीस पाटलाला सांगितलं की वहिनीनं मारलं. सारजाबाईच्या लुगड्याला रक्त होतं. ती म्हणाली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं त्याचं ते रक्त. मॅजिस्ट्रेटसमोर तिची जबानी झाली. कारकुनानं ती मोडीत उतरवून घेतली, तिचा अंगठा घेतला. मोडीत लिहिताना रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, अवतरणचिन्ह तर कुणी ऐकलेलंही नाही. त्या जबानीत मधोमध एवढं होतं:

हिंदुराव म्हनला मी मारलं त्याला तू गप बस मी गप बसले

सेशन जज्ज नवा गोरा माणूस, त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं माझं इंग्रजी वाचलं. मी लिहिलं होतं ते परत मराठीत आणायचं तर असं होईल: 'मी माझ्या नवऱ्याला मारलं असून मी आता गप्प बसावं, असं हिंदुरावनं मला सांगितलं. त्यावर मी गप्प बसले.' निकालपत्रात साहेबानं याच वाक्यांवर बोट ठेवलं. निर्दोष बाईवर कुणी नवऱ्याच्या खुनाचा आळ घेतला तर ती आकांत करील. ही बाई गप्प बसते, हे ती स्वतःच सांगते. याचा अर्थ दुसरा काय? जन्मठेप झाली. अपिलातही वरच्या साहेबांनी माझंच इंग्रजी वाचलं आणि शिक्षा कायम राहिली.

हे सगळं मी पोरांना सांगितलं नव्हतं. नुसता मोडी कागद दिला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी इंग्रजी करून आणलं. चौघांचं माझ्यासारखंच होतं. मल्लप्पानं मात्र त्या ओळीत अवतरणचिन्हं घातली होती. त्याच्या इंग्रजीत हिंदुराव सारजाबाईला म्हणत होता, "मी मारलं त्याला. तू गप्प बस." आणि मग सारजाबाई म्हणत होती की मी गप्प बसले.

मी भडकलो. "हे काय? साक्षीचं भाषांतर करतोयस का नाटक लिहितोयस? हिंदुराव कबुली देतोय, असं कुठं आहे?"

"कागदात आहे मास्तर," मल्लप्पा म्हणाला.

"कागदात 'मी' आहे. जबानी बाईची आहे. जबानीतला 'मी' म्हणजे जबानी देणारा, एवढं तरी कळतं का? जज्जाच्या हातात असलं इंग्रजी गेलं तर गुन्हेगार सुटेल आणि भलताच माणूस आत जाईल!" मी त्याच्या वहीवर भलीमोठी फुली मारली आणि माझं वाचून दाखवलं. गोपाळनं वाहवा केली. निकालपत्रातलं वाक्यही मी त्यांना ऐकवलं, कुणाला माहीत नसेल तर माहीत असावं म्हणून.

नऊ वाजता चौघं गेले तरी मल्लप्पा जोडे घालून ओसरीच्या पायरीवर उभाच राहिला.

"बोला वकीलसाहेब," मी म्हणालो.

तो नेहमीसारखा थांबला, मग म्हणाला, "मास्तर, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा लाख पटीनं चांगलं आहे. पण एक विचारू? त्या ओळीत 'तू गप बस' आहे. त्यातला 'तू' कोण?"

"सारजाबाई."

"म्हणजे ते शब्द हिंदुरावच्या तोंडचे, जसेच्या तसे. मग त्याच दमात त्याच्या तोंडचा 'मी' सारजाबाई कशी?"

मी कागद उचलून ती ओळ पाहिली.

तो घाईघाईनं पुढं म्हणाला, "आमच्या कानडीत 'अंत' म्हणून शब्द आहे मास्तर. तो लागला की आधीचे शब्द दुसऱ्याचे. मराठी शिकताना मी म्हणूनच 'म्हणला' कुठं येतो ते आधी बघायचो. खेड्यातलं माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना आहे तसं उचलून ठेवतं. हिंदुरावनं तिच्यावर आळ घेतला असता, तर तो काय म्हणाला असता? 'तू मारलंस.' मग बाईनंही तेच सांगितलं असतं, 'हिंदुराव म्हनला तू मारलंस.' ती म्हणते, 'म्हनला मी मारलं.' शहरात आपण म्हणतो, 'तो म्हणतो मी पैसे घेतले,' आणि 'मी' म्हणजे आपण. खेड्यात तसं बोलत नाहीत."

"घरी जा," मी म्हणालो.

तो गेला. मी तो कागद पुन्हा घेतला. 'तू' होता त्याचं मी इंग्रजीत 'आय' केलं होतं. 'मी' होता त्याचंही 'आय' केलं होतं. दोन माणसांना मी एकाच अक्षरात कोंबलं होतं आणि वर त्याचा शिरा खाल्ला होता. मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. चाळीस पानं होती, साहेबाला सकाळी हवी होती. पण ते कारण खरं नव्हे. चाळीस पानं मी नेहमीच करायचो. खरं कारण असं की त्या बाईचं बोलणं मी ऐकलंच नव्हतं. मी माझ्या घरचं मराठी तिच्या तोंडात घातलं होतं.

आणि ती कोर्टात का बोलली नाही? तेही आठवलं. सेशन कोर्टात तिला तिची जबानी वाचून दाखवली होती. कायद्यानं दाखवावीच लागते. पण वाचली ती मराठीतली. शिरस्तेदारानं विचारलं, "हे तू सांगितलंस?" ती म्हणाली, "व्हय." सांगितलं होतंच तिनं. साहेबाच्या हातात काय आहे, ते तिला कोण सांगणार? तिचा वकील सरकारनं दिलेला, त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत. पाहायचं काम माझं होतं.

मी वर्ग बंद ठेवला. पोरांना सांगितलं पित्त झालंय. मल्लप्पाचा मला इतका राग आला की तो समोर दिसला असता तर मी त्याला काहीतरी लागेल असं बोललो असतो. माझ्या वयाचा माणूस, सत्तावीस वर्षं एक डाग नाही, आणि वळसंगचं पोर मला मराठी शिकवतंय! असा मी घरातल्या घरात फणफणत होतो. म्हाळसाबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "अहो, ती बाई अजून आत आहे का?"

"मला काय माहीत!" मी खेकसलो.

"मग आधी ते बघा की," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी कोर्टात गेलो. जुने लोक ओळखीचे होते. चौकशी करायला आठ दिवस लागले. सारजाबाई जिवंत होती. पुण्याला तुरुंगात होती. अकरा वर्षं झाली होती. मुलगी दुर्गा काकाच्या घरी वाढली आणि लग्न होऊन पंढरपूरकडं गेली. हिंदुराव चार वर्षांपूर्वी पटकीनं मेला होता. म्हणजे जे खरं होतं ते सांगू शकणारी माणसं आता दोनच उरली होती, एक सारजाबाई आणि एक तो मोडी कागद.

मी वर्ग पुन्हा सुरू केला आणि पहिल्याच दिवशी पोरांना सगळं सांगितलं. गोपाळ खाली बघत बसला. मी मल्लप्पाची वही मागितली, माझी फुली खोडली आणि म्हणालो, "आता म्हशी-कोंडवाडे पुरे. उरलेला महिना एकच काम. गव्हर्नरसाहेबाकडं दयेचा अर्ज. पाचांनी मिळून लिहायचा. असा लिहायचा की वाचणाऱ्याला दुसरा अर्थ काढताच येऊ नये."

पोरांनी जीव ओतून काम केलं, हे मला सांगितलं पाहिजे. अर्जाचे सात खर्डे झाले. 'म्हणला' या शब्दावर मल्लप्पानं दीड पान लिहिलं, गोपाळनं त्याचं एका परिच्छेदात आणलं, आणि दोघं त्यावरून भांडले. मोहोळकडच्या दोन जुन्या तलाठ्यांचे आणि एका शाळामास्तराचे दाखले जोडले, की या मुलखात दुसऱ्याचं बोलणं असंच सांगतात. इतकं चांगलं कायद्याचं इंग्रजी मी साहेबांच्या हातूनही फार थोडं पाहिलं होतं.

पण या सगळ्याला माझं ॲफिडेव्हिट लागणार होतं. मीच भाषांतर केलं, मीच चुकलो, असं मी शपथेवर सांगितल्याशिवाय अर्जाला पाया नव्हता. ते लिहायला मी चार दिवस लावले. पेन्शन जाईल का, लोक काय म्हणतील, जुने जज्ज काय म्हणतील, सगळं मनात येऊन गेलं. शेवटी एक पान लिहिलं आणि पोरांसमोर ठेवलं. त्यात होतं की सदर जबानीच्या भाषांतरात एका सर्वनामाबाबत गफलत झाल्याचे आता निदर्शनास आले आहे.

मल्लप्पानं पान हातात घेतलं, वाचलं, थांबला. मग माझ्या दौतीतून तांबडी शाई घेतली आणि समासात दोनच शब्द लिहिले, अगदी बारीक अक्षरात. 'कर्ता, मास्तर?'

मी पान फाडलं आणि पोरांसमोरच दुसरं लिहिलं. मी, अण्णाराव मंगळवेढेकर, अमुक तारखेला हे भाषांतर केलं. मी चूक केली. तिच्यामुळे या बाईच्या बोलण्याचा अर्थ उलटा झाला. खाली सही केली.

जूनमध्ये अर्ज तुरुंगाकडं गेला. तिथं सारजाबाईचा अंगठा घेऊन तो पुढं मुंबईला गेला. पोरं पुण्याला परत गेली. जाताना पाचही जण पाया पडले. मल्लप्पा म्हणाला, "मास्तर, सुटणार बघा ती." मलाही तसंच वाटत होतं. तिच्या मुलीला पत्र घालावं की सुटल्यावरच कळवावं, यावर मी आणि म्हाळसाबाई रोज वाद घालायचो. दिवाळीपर्यंत मी पोस्टमनची वाट जितकी पाहिली तितकी माझ्या नेमणुकीच्या हुकमाचीही पाहिली नव्हती.

उत्तर नोव्हेंबरात आलं. चार ओळी. अर्ज नामंजूर. भाषांतराच्या मुद्द्यात तथ्य असू शकेल, पण कैदी स्त्रीनं तुरुंगाच्या पाहणी मंडळापुढं गेल्या नऊ वर्षांत नऊ वेळा, कुणीही जबरदस्ती न करता, "मी मारलं" असं स्वतः कबूल केलेलं आहे. सबब ढवळाढवळ करण्याचं कारण दिसत नाही.

मी ते पत्र पंधरावीस वेळा वाचलं. इंग्रजी स्वच्छ होतं. त्यात दुसरा अर्थ निघत नव्हता. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे तिनं मारलंच होतं! माझं चुकलं असेल, पण निकाल बरोबरच होता! तास दोन तास मी त्या आनंदात होतो. मग तो ओसरला, आणि मला स्वतःची किळस आली. मी मल्लप्पाला पत्र घातलं, भेटीची परवानगी काढ, मी पुण्याला येतोय.

डिसेंबरात आम्ही दोघं तुरुंगात गेलो. एका खोलीत बाक होता, दाराशी वॉर्डरीण बसली होती. सारजाबाईला आणलं. चाळिशीतली असेल, केस पांढरे झाले होते, हात फार स्वच्छ होते. ती बाकावर बसली नाही, भिंतीशी खाली बसली.

कोर्टात आम्ही सगळे तिला अगं-तुगं करायचो. माझ्या तोंडून आता 'तुम्ही' निघालं आणि तिनं मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

"मला ओळखलंत का?" मी विचारलं.

"तुमी कोर्टातलं. सायबाच्या खालच्या टेबलाला बसायचं. लई लिवायचं."

"सारजाबाई, तुमच्या अर्जाचं उत्तर आलं. सरकार म्हणतं, दर वर्षी मंडळी पाहणीला येतात तेव्हा तुम्ही स्वतः सांगता, मी मारलं म्हणून. खरं आहे का?"

"व्हय."

मल्लप्पा माझ्याकडं बघायला लागला. मी विचारलं, "का सांगता?"

ती जरा गोंधळली. हे विचारण्यासारखं आहे, असं तिला वाटत नव्हतं. "पयल्या वर्सी तसं न्हाई म्हनले," ती म्हणाली. "म्हनले, मी न्हाई मारलं, दिरानं मारलं. तर सायबानं कागद उलगडला. म्हनला, ह्यात तर तूच सांगितलंयस. दुसऱ्या वर्सीबी तसंच. मंग मीच इचार केला. येवडी शिकलेली मानसं, येवडा मोटा कागद, त्ये कशाला खोटं लिवत्याल? माजंच बोलनं कायतरी वाकडं झालं आसंल. तवाधरनं कागदात हाय तसंच म्हनते. मंग कुनी रागं भरत न्हाई."

"पण तुम्ही मारलं नाही ना?" मल्लप्पानं विचारलं.

"न्हाय की," ती म्हणाली. एवढ्या साध्या आवाजात म्हणाली की मल्लप्पानं तोंड फिरवलं.

मी गाडीत बसून सगळं ठरवून आलो होतो. भाषांतर म्हणजे काय, मोडी म्हणजे काय, साहेबाला मराठी येत नव्हतं, 'मी' कसा बदलला, सगळं तिला समजेल अशा शब्दांत मांडून आणलं होतं. सत्तावीस वर्षं लोकांचं बोलणं लोकांना समजावून देत होतो मी. त्यातला एक शब्द माझ्या तोंडातून निघेना.

माझा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. ती थोडी पुढं सरकली.

"तुमी नगा काळजी करू. मला काय त्याची सवं झाली. पर आता पुन्यांदा आर्ज करायचा आसंल, तर काय म्हनायचं त्ये तुमीच सांगा. मागल्या खेपंला माजं चुकलं. ह्या खेपंला नीट म्हनते. येक डाव शिकवा, ध्येनात ठेवते."

"सारजाबाई," मी म्हणालो, "तुम्ही नीटच बोलला होता. तुमचं काहीही चुकलं नव्हतं." पुढचं मी एकेक शब्द सुटा करून, स्पष्ट म्हणालो, "चूक मी केली."

तिनं मान हलवली. डोळे मिटले. तिचे ओठ दोनदा हलले. मग डोळे उघडून ती माझ्याकडं बघत, चुकणार नाही अशा बेतानं, म्हणाली, "चूक मी केली." आणि विचारलं, "येवडंच म्हनू, का म्होरं आनि काय हाय?"